काठावरचं माणूस

पोहायला येतं का म्हणून म्याडमनं इचारलं, तवा माहे हात घमेल्यात होते, पंक्चर शोधून राह्यलो होतो. तोंड तेव्हढं रिकामं होतं. माह्या जिंदगीत जेव्हढे घोटाळे झाले ते सगळे तोंड रिकामं असतानाच झाले.

"पोहायला?" मी म्हणलं, "म्याडम, मी चालायच्या आधी पोहायला लागलो. आईला वाटलं बेडूक झाला."

म्याडम ब्यांकेत हायेत. सकाळी पातळ टायरच्या सायकलीवर निघतात आन् नवीन जालन्यात माह्या दुकानावर हवा पाहून घेतात. दुकान म्हणजे काय, एक लिंब, एक टपरी, हवेची टाकी आन् मी. त्यांच्यासंगं एक भाई असतात, लोखंडी सामानाचं दुकान हाय त्यांचं, ते पळत येतात. दोघं बराबरच पोहोचतात. एकदा मी म्हणलं, "म्याडम, सायकल इकून टाका, भाईसारखे बूट घ्या." लई हसले दोघं. लोकं माह्याकडं हवा भरायला येतात आन् हसून जातात. हे मला फार उशिरा समजलं, की माणूस हसला की त्याचं काम झालं, त्याला मंग थांबायचं कारण राह्यत न्हाई. रडणाऱ्यापाशी लोकं घडीभर बसतात तरी.

तर गोष्ट अशी होती. ऐकू न येणाऱ्या लेकरांची एक शाळा हाय, तिला लेकरं आणायला-न्यायला गाडी पाह्यजे होती. त्यासाठी शहरातल्या लोकांनी शर्यत ठेवली. तिघातिघांची टोळी. एकानं तळ्यात पोहायचं, बाहेर येऊन पायाला बांधलेला येळ मोजायचा पट्टा सोडून दुसऱ्याला द्यायचा. दुसऱ्यानं तो बांधून सायकल मारायची, आन् मंग तिसऱ्यानं तोच पट्टा बांधून पळायचं. टोळीच्या नावानं लोकं शाळेला देणगी देणार. म्याडमच्या टोळीतला पोहणारा टायफाईडनं पडला होता, आन् शर्यत पुढच्याच रविवारी होती.

"काका, खरं सांगा," म्याडम म्हणल्या. "पाऊण किलोमीटर आहे. तळ्यात."

"म्याडम, किलोमीटर रस्त्यावर असतं. पाण्यात पाणीच असतं. केदारखेड्याच्या विहिरीला इचारा मी कोण हाय ते."

भाई मातर हसले न्हाई. "चाचा, मजाक में हाव नक्को बोलो. बाद में हम लोगां फसते."

"भाई," मी म्हणलं, "मी मजाकमध्ये लग्न केलं, ते भी निभावलं."

तेव्हढं बोललो आन् फसलो. म्याडमनं तिथल्या तिथं फोनवर माहं नाव टाकलं, जन्मसाल इचारलं, ते मला बराबर सांगता आलं न्हाई, तर भाईनं माह्या टकलाकडं पाहून अंदाजानं सांगितलं. जाताना म्याडम म्हणल्या, "आणि काका, काठावर कुणीतरी घरचं माणूस ठेवा. कपडे सांभाळायला, लक्ष ठेवायला. आयोजकांनी सगळ्यांनाच सांगितलंय."

"ठेवतो की," मी म्हणलं. "त्याची काय फिकर."

ते गेले आन् मी घमेल्यात पाहत बसलो. काठावरचं माणूस ही गोष्ट मला कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्या गावात विहिरीत एकट्यानं कोणी उतरत न्हाई. काठावर माणूस पाह्यजे. कपडे त्याच्यापाशी द्यायचे, आन् त्यानं थोड्या थोड्या येळानं वरून आवाज द्यायचा, "हाय का?" खालून म्हणायचं, "हाय." एव्हढंच काम. पण ते माणूस नसलं तर पट्टीचा पोहणारा भी पायरीवर बसून राहतो, पाण्याला हात लावत न्हाई.

माहं काठावरचं माणूस म्हणजे माही बायको. लग्न झालं तवापासून. कोणाच्या विहिरीतल्या मोटारीचा दोर तुटला, कोणाची कळशी बुडाली की मला बोलावणं यायचं, आन् ती संगं यायची. माहा सदरा मांडीवर घेऊन बसायची. "हाय का?" "हाय." मी तर मी, मला गम्मत सुचायची. खाली गुपचूप राहायचो, जवाबच द्यायचो न्हाई. मंग तिचा आवाज बदलायचा. "आवं, हाय का?" एकदा लई येळ गप राह्यलो, कपारीला धरून, हसू दाबून. वर आलो तर ती न्हाई. सदरा पाण्यात फेकून देला आन् घरी चालली गेल्ती. मी ओल्या चड्डीवर सगळं गाव पार करून घरी आलो. त्या दिवशी केदारखेड्यात माह्याइतकं कोणी कोणाला हसवलं नसंल.

आता ती पुण्याला हाय. पोरगा आन् सून दोघं कंपनीत, बाळ झालं तवा ती सहा महिन्यांसाठी गेल्ती. ते बाळ आता दप्तर घेऊन शाळेत जाऊन राह्यलं. मी भी गेल्तो राहायला. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या. सून चांगली हाय, खोटं कशाला बोलू. पण मी खोकललो तरी बाळ उठायचं. मी खाली जाऊन वाचमनसंगं बसायचो, त्याला दिवसभर हसवायचो, मंग त्याच्या साहेबानं त्याला झापलं. मी परत आलो. दुकान बंद ठेवता येत न्हाई, असं सांगून आलो. तिनं भी जास्त इचारलं न्हाई. इथं जालन्यात, मस्तगडात आमची एक खोली हाय. तिच्यात आता एक ताट, एक पेला आन् मी. भांडे घासायला सोपं पडतं.

संध्याकाळी फोन लावला. रोज लावतोच. ती म्हणती, काय नवीन, आन् मी दिवसभरात जमवलेलं सगळं सांगतो. खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांना मी जे हसवतो ते तिच्यासाठी ताळा असतो, कोणतं चाललं ते संध्याकाळी तिला सांगायचं.

"मी शर्यतीत पोहून राह्यलो," मी म्हणलं.

"कोणत्या बाईनं ढकललं?"

"ब्यांकेतल्या."

"मंग बुडा आता व्याजासगट." ती हसली. "ह्या वयात? दम लागतो तुम्हाला जिना चढताना."

"तळ्याला जिना न्हाई. आयक, काठावर घरचं माणूस पाह्यजे म्हणतात. तू येती का? रविवारचंच हाय. शनिवारी गाडीत बस."

ती मंग म्हणली, "बघते. इचारते इथं." आन् दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. येते म्हणली.

मला कोणी सांगितलं असतं, की माणूस स्वतःच्याच बायकोसाठी खोली झाडतो, तर मी त्याची लई टिंगल केली असती. मी झाडली. वरचे जाळे काढले. दुसरं ताट पाटीतून काढून घासलं, त्याच्यावर डाग पडलेला होता तो राखेनं काढला. तिला लागती म्हणून मेथीची जुडी आणली, ती शुक्रवारीच आणली, म्हणजे शनिवारपर्यंत वाळली. शेजारच्या बाईला सांगितलं, पानवाल्याला सांगितलं. शर्यतीचं न्हाई सांगितलं कोणाला, मंडळी येऊन राह्यली एव्हढंच सांगितलं. पोहायचा सराव करायचा तो राह्यलाच. म्याडम म्हणत होत्या, एकदा तळ्यावर या. मी म्हणलं, बिलकुल गरज न्हाई, मासा कुठं सराव करतो का.

शनिवारी दुपारी फोन आला. बाळाला ताप आल्ता. सुनेला सुट्टी न्हाई, पोरगा बाहेरगावी.

"डोळे उघडत न्हाई वं लेकरू," ती म्हणली. "कसं सोडून येऊ?"

"अगं, कशाला येती," मी म्हणलं. "मी बुडलो असतो तर तुला तेराव्यापर्यंत थांबावं लागलं असतं. लेकराची शाळा बुडाली असती."

"काय भी बोलता," ती म्हणली, पण हसली. माहं काम झालं.

रविवारी उजाडताच भाईच्या मोटारसायकलीवर तळ्यावर गेलो. तिथं तर जत्राच. मांडव, भोंगे, केळं, पाण्याच्या बाटल्या. पाण्यावर नारंगी फुगे तरंगत होते, त्याला वळसा घालून यायचं. पोहणारे सगळे पोरं, अंगाला चिकटलेले कपडे, हातपाय झटकून राह्यले. मी भी झटकले, तर खांद्यात कटकन वाजलं, मंग राहू देलं. मला रबरी टोपी देली. टकलावर ती बसंना, सरकून सरकून वर जायची आन् टप करून उडायची. चौथ्यांदा उडाली तवा एका पोरीनं ती आणून देली, म्हणली, "आजोबा, हातात धरा."

म्याडम आन् भाईला सायकलींच्या मांडवात थांबावं लागणार होतं, पट्टा तिथंच घ्यायचा असा नियम. मांडव तळ्यापासून वर, चढावर, तिथून पाणी दिसत भी न्हाई.

"काका, घरचं कोण आलंय?" म्याडमनं इचारलं.

"येऊन राह्यले," मी म्हणलं. "गाडीला उशीर झाला."

काठावर ज्याचंत्याचं माणूस ज्याच्यात्याच्यापाशी. कोणाची आई, कोणाची बायको, हातात टावेल, चपला. मी माहा पायजमा-सदरा घडी करून दगडावर ठेवला, वरून दुसरा दगड ठेवला. एक म्हातारी बसली होती, लेकाचे कपडे घेऊन. ती म्हणली, "ठिवा भाऊ हितं माह्यापशी. म्या बघते."

"मावशी, बघायचं कपड्याकडं, माह्याकडं नका बघू," मी म्हणलं. "मला लाज वाटती."

म्हातारी हसली. भोंगा वाजला.

आता पाण्यातली गोष्ट सांगतो. मला पोहायला येतं, हे खोटं न्हाई. दम भी होता, निदान सुरुवातीला. पण मी जन्मभर पोहलो ते विहिरीत. विहीर गोल. डाव्या हाताला भिंत धरून फिरत राहायचं, थकलं की पायरी येती. सरळ पोहायची येळ माह्यावर कव्हा आलीच न्हाई. तळ्यात भिंत न्हाई. मी जोरात हात मारून राह्यलो, मनात म्हणलं, बघा रे पोरांनो. जरा येळानं डोकं वर काढलं तर समोर काठ. मी म्हणलं, अरे वा, पोहोचलो भी. पाहतो तर दगडावर माहे कपडे, बाजूला म्हातारी. मी गोल फिरून जिथून निघलो तिथंच आल्तो.

"भाऊ, काही राह्यलं का?" म्हातारीनं इचारलं.

पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणारा होडीवाला जवळ आला. "काका, फुगे तिकडं हायेत."

"म्हाइत हाय," मी म्हणलं. "कपडे हायेत का ते पाह्यला आल्तो."

परत निघलो. होडीवाला थोडा येळ संगं राह्यला, "उजवीकडं काका, उजवीकडं" म्हणत. मंग पलीकडं एका पोराच्या पायात गोळा आला, तिकडं त्याला जावं लागलं. तो गेला आन् मी पुन्हा डावीकडं. किती गोल मारले ते मला म्हाइत न्हाई. बाकीचे कव्हाच निघून गेल्ते. तळ्याच्या मधात मी एकटा, आन् आवाज कशाचाच न्हाई. भोंगा भी बंद झाल्ता.

विहिरीत आवाज घुमतो. माणूस एकटं असलं तरी स्वतःचाच श्वास भिंतीला लागून परत येतो, कोणीतरी हाय असं वाटतं. तळ्यात श्वास सोडला की गेला. हात जड झाले तवा मी पाठीवर पडलो आन् आभाळ पाहत राह्यलो. इतक्या वर्षाची सवय, कान वरून येणाऱ्या आवाजाची वाट पाहून राह्यले. कोणी म्हणंना. मंग मीच म्हणलं, "हाय." तोंडात पाणी गेलं, ठसका लागला, नाकातून पाणी आलं. भीती वाटली मला. गम्मत न्हाई करत. तिची भीती आता समजली, ती जी काठावर बसून इचारायची आन् मी खालून जवाब देत नव्हतो.

डोकं वर काढलं तर दूर काठावर लेकरं उभे. शाळेचे लेकरं, ज्यांच्यासाठी शर्यत होती ते. सगळ्यांनी हात वर केलेले, आन् पंजे हलवून राह्यले, झाडाचे पानं हलतात तसे. आवाज बिलकुल न्हाई. ते लेकरं टाळ्या अशाच वाजवतात, हे मला मागून समजलं. तवा मला वाटलं, परत जा म्हणून राह्यले, इकडं खोल हाय. मी पुन्हा थांबलो. मंग त्यांच्यासंगंच्या बाई भी हात हलवायला लागल्या आन् पुढं पाण्यात पाय टाकून बोलवायला लागल्या, तवा समजलं. त्या हातांकडं पाहत पाहत मी सरळ आलो. आयुष्यात पहिल्यांदा सरळ.

बाहेर आलो तर मातीवर पाय ठरंना. दगडापाशी म्हातारी न्हाई. तिचा लेक कव्हाचा निघून आल्ता, ती त्याच्यासंगं गेल्ती. कपडे जागेवर होते, तिनं वरचा दगड मोठा ठेवला होता. मी तसाच चढ चढलो, अनवाणी, खडे टोचत होते, टोपी हातात.

मांडवातल्या बाकीच्या सगळ्या सायकली गेल्त्या. रिकाम्या दांड्याला टेकून म्याडम उभ्या होत्या, आन् बाजूला भाई. म्याडम रागावतील म्हणून मी एक जोक तयार ठेवला होता. पट्टा सोडायला वाकलो तर बोटं आखडलेले, सुटंना. म्याडम खाली बसल्या, माह्या चिखलाच्या पायाचा पट्टा स्वतः सोडला आन् म्हणल्या, "काका, बरे आहात ना?"

मला जोक आठवंना. "हाव," म्हणलं. त्या सायकल घेऊन निघाल्या भोकरदन रोडकडं.

मला म्हाइत हाय, थांबणं त्यांना भागच होतं. पट्ट्याबिगर जाता येत न्हाई. तरी पण माह्यासाठी कोणी तरी इतका येळ उभं राह्यलं, हे मी मनात घेतलं. फुकटचं मिळालं तर मी सोडत न्हाई.

भाईनं त्यांचं जाकीट माह्या अंगावर टाकलं. "चाचा, तुम तो तालाब नापके आए," ते म्हणले. "पूरा घेरा." वर येऊन कोणीतरी सांगितलं असंल त्यांना. म्याडम आल्या तवा ते पळाले, आन् वाऱ्यासारखे पळाले म्हणतात. आमच्या मागं फक्त एकच टोळी राह्यली, तिच्यातल्या सायकलवाल्याची चैन तुटली होती म्हणून. पंक्चरवाला असून मला त्याचा आनंद झाला. शेवटी तिघांनी संगं रेघ ओलांडायची असती. भाईनं माहा हात धरून ओढत नेलं. गळ्यात मेडल घातलं. लेकरांनी पुन्हा पंजे हलवले. आता मी भी हलवले.

मंग जो तो आपापल्या माणसात गेला. म्याडमचे मालक आन् पोरी आल्त्या. भाईची अम्मी आन् घरवाली सतरंजी टाकून बसल्या होत्या, डबे उघडून. अम्मी म्हणल्या, "आओ भाईजान, बैठो. खाना खाके जाओ." वास असा सुटला होता की पोट पुढं गेलं आन् मी मागं राह्यलो. सतरंजीवर जागा होती. भाई सरकले भी.

"न्हाई अम्मी," मी म्हणलं. "घरी वाट पाहून राह्यले."

"हां, भाभी आई हैं ना," भाई म्हणले. "जाओ जाओ, जल्दी जाओ." आन् मला एका मोटारसायकलवाल्याच्या मागं बसवून देलं. असं माहं असतं. खोटं भी मला धड जेवण झाल्यावर बोलता येत न्हाई, आधीच बोलून बसतो.

घरी आलो, वाळलेली मेथी निवडली, तिची भाजी करून खाल्ली. दुसरं ताट घासलेलं तसंच उभं होतं भिंतीला. मेडल खुंटीला अडकवलं, मंग काढलं, मंग पुन्हा अडकवलं. फोन लावला.

बाळाचा ताप उतरला होता. ती म्हणली, "मंग? बुडले का?"

मी सगळं सांगितलं. टोपीचं सांगितलं, म्हातारीचं सांगितलं, कपडे हायेत का ते पाह्यला आल्तो हे सांगितलं. ती हसायला लागली ती थांबंना. खोकला लागला तिला. "थांबा, थांबा," म्हणायची, आन् मी थांबलो की, "मंग? पुढं?" मागून बाळ इचारत होतं, आजी काय झालं, आन् ती त्याला सांगत होती, "तुहा आजोबा गोल फिरला रे, गोल." तिचं हसू हळूहळू बसलं.  पाठीवर पडून आभाळ पाह्यलं ते मी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं होतं. पण तोंडातून निघलं दुसरंच.

"तू ये आता," मी म्हणलं.

"कुठं?"

"घरी."

तिकडं कुकरची शिट्टी झाली. बाळ काहीतरी मागत होतं. ती तिथून उठली असावी, कारण शिट्टी दूर गेली आन् तिचा आवाज जवळ आला. इतक्या हळू आवाजात ती माह्यासंगं फोनवर कव्हा बोलली न्हाई.

"खरं म्हणून राह्यले का गम्मत?"

मला येळ होता. तिनं घाई केली न्हाई, ती थांबली होती. मी म्हणू शकत होतो. बाळाचं काय, सुनेच्या नोकरीचं काय, हे मी इचार केला असं सांगितलं तर मी मोठा माणूस ठरंल, पण तसं काही न्हाई. मी इचारच केला न्हाई. तोंडाला जी सवय होती तेच ते बोललं.

"गम्मत," मी म्हणलं.

तिनं श्वास सोडला. मला आयकू आला. तो सुटकेचा होता का आणखी कशाचा, ते मला आजपर्यंत समजलं न्हाई. मंग म्हणली, "बरं. डोकं कोरडं करा, सर्दी होईल," आन् फोन ठेवला.

पन्नास जागी फिरवलेल्या शिळ्या गमतीला भी ती हसायची. ह्या गमतीला मातर हसली न्हाई.